माळेतली बारावी घंटी

१२ जानेवारी, रविवार

चि. ठिणगीस,

आशीर्वाद. मला सायकल फुकटात पडली असं इथे सगळीकडे बोललं जातं, म्हणून आधी तिची खरी किंमत सांगतो. एक उजवा गुडघा. दुकानाच्या पाटीवरचा 'विश्वासू' हा शब्द, कारण जो स्वतः सायकलवरून येतो त्याच्याकडून जुनी गाडी कोण विश्वासाने घेईल? संध्याकाळी दुकानात येऊन बसणारे तिघे मित्र. त्यांतला एक तर मी रस्त्यात दिसलो की गाडीची काच वर करतो. आणि ढेरी. ढेरी मी खर्चात धरत नाही, तुझी आई धरते. म्हणते, तुमच्या सगळ्या पँटी आत घेता घेता माझी बोटं गेली.

तुला यात धरलेलं नाही. तू सायकलच्या आधी गेलीस.

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. सकाळी रस्ता गाड्यांना बंद ठेवायच्या तुझ्या त्या भर सभेत मी म्हणालो होतो, 'जिला उतारावर ब्रेक लावता येत नाही ती शहराला ब्रेक लावायला निघालीय.' लोक हसले. लोकांना हसवणं हा माझा धंदाच आहे, हसणारं गिऱ्हाईक लवकर सही करतं. तू हसली नाहीस एवढंच. दुसऱ्या दिवशी टेम्पोत सामान आणि सायकल टाकून गेलीस. असो.

सांगायचं ते हे, की तुझी सायकलींची माळ तुटलेली नाही. तू गेल्यावर महिनाभर तुझी आई एकटीच सकाळी सायकल काढून बंद रस्त्यावरून जात होती. मागून बघवेना. मग मी गेलो पुढे. आता रोज सकाळी बाजाराच्या तोंडापासून माळ निघते. पुढे मी, माझ्या मागे दातांचे डॉक्टर, मग शिंपी, ग्रंथालयातल्या बाई, बाकीची मंडळी आणि सगळ्यांच्या शेवटी तुझी आई. माझ्यामागे अकरा जण.

नियम तुझाच आहे, पण बरोबर पाळतोय का बघ. पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही, कारण तो वळला की हँडल वळतं आणि सगळी माळ कोलमडते. म्हणून चौक ओलांडला की प्रत्येकाने ओळीने एकेक घंटी द्यायची. अकरा घंट्या झाल्या की पुढच्याने पाय मारायचा. नाही झाल्या तर थांबायचं. बरोबर ना?

मोजणीचं मला काही कठीण नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. आयुष्यभर बॉनेट न उघडता सांगत आलो, कुठे काय खिळखिळं झालंय. विकणारा गोड बोलतो, इंजिन बोलत नाही. दातवाल्याची घंटी घाईची, शिंप्याची नेमस्त, बाईंची तर 'शांतता राखा' म्हटल्यासारखी. डोळे मिटून सांगेन कुणाची कुठली. माझ्यासारखे कान या शहरात दुसऱ्या कुणाला असतील तर दाखव. हल्लीच्या लोकांचं बोलणं तेवढं कळत नाही. सगळे पुटपुटतात, तुझी आईसुद्धा. कुकरच्या शिट्ट्याही आता धड होत नाहीत. नवा आणला, तोही मुका निघाला.

माणसं कशी जमवली विचारशील. हवा, झाडं, पृथ्वी यातलं मी काही बोलत नाही. ते तुझं. मी दातवाल्याला म्हणालो, 'डॉक्टर, तुमची गाडी दवाखान्यासमोर जिथे दिवसभर उन्हात तापते ना, तिथे बाकडं टाका. सहा पेशंट बसतील.' शिंप्याला म्हणालो, 'जागा शोधत चकरा मारता तेवढ्यात एक शर्ट कापून होतो.' विकायची वस्तू बदलली, जीभ तीच.

महापालिका मार्चअखेर ठरवणार आहे की सकाळी रस्ता गाड्यांना बंद ठेवायचा की पुन्हा उघडायचा. ते महत्त्वाचं. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगतो. तुझी आई सायकल लावताना भिंतीपासून एका सायकलीची जागा सोडून लावते. मी एकदा सरकवली. तिने परत होती तिथे आणली.

तू ये. माझ्यासाठी नको. त्या जागेसाठी ये.

तुझे बाबा


२ फेब्रुवारी, रविवार

ठिणगे,

उत्तर नाही, हरकत नाही. दुकानातही पहिल्या फेरीत कुणी हो म्हणत नाही.

आज जे लिहितो ते आईला बोललो नाही. तू हसशील तर हस.

गाड्या नसल्या की तो रस्ता किती रुंद होतो तुला ठाऊक आहे. सकाळी त्यावर काही म्हणजे काहीच नसतं. सिग्नल तांबडा होतो, हिरवा होतो, कुणासाठी होतो कळत नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणी खोकलं की आपल्या मानेशी खोकल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं त्या घरघरीत जगलो, तिच्याखाली काय काय झाकलेलं होतं ते आता उघडं पडतंय. कुणीतरी खुर्ची ओढतं. कुणीतरी दाराची कडी काढतं आणि बाहेर येतच नाही.

मंगळवारी पुलाचा चौक आम्ही ओलांडला. घंट्या सुरू झाल्या. दहावी झाली, अकरावी तुझ्या आईची झाली, मी पाय मारणार तोच बारावी झाली.

वाटलं, कुणीतरी नवीन जोडलं गेलं असेल. चांगलंच की! माळ संपते त्या तळ्याकाठच्या फाटकाशी उतरून बघितलं तर अकराच. दातवाला घाम पुसत म्हणाला, 'काय शोधताय, काही सांडलं का?' मी म्हणालो, 'नाही हो, गिऱ्हाईक मोजतोय.'

बुधवारी पुन्हा बारा. गुरुवारी बारा. छोट्या चौकांत अकराच असतात, पुलाच्या चौकात मात्र बारा.

आणि ती बारावी कशी आहे सांगू? आधी टिंग, आणि मागोमाग एक किडका ठोका, वाटी दबलेली असल्यासारखा. तू शाळेच्या उतारावरून पडली होतीस तेव्हा तुझ्या घंटीची वाटी अशीच दबली होती. मी नवीन बसवून देतो म्हणालो तर तू म्हणालीस, राहू दे, हिचा आवाज माझ्या ओळखीचा झालाय.

ती सायकल तू घेऊन गेलीस. पडवीत, माळ्यावर, दुकानामागे, सगळीकडे मी शोधली. इथे नाही.

तू बरी आहेस ना? एवढंच कळव. एका शब्दात कळव.

बाबा


२३ फेब्रुवारी, रविवार

ठिणगे,

तुझा एक शब्द मिळाला. कार्डावर नुसतं 'बरी'. त्याच्याखाली ना नाव ना गाव. आईने ते कार्ड आरशाला खोचून ठेवलं आहे. केस विंचरताना वाचते. एका शब्दात एवढं काय वाचायचं असतं देव जाणे.

तू बरी आहेस तर मग मागे कोण आहे?

मी व्यापारी माणूस, माल तपासल्याशिवाय घेत नाही. शुक्रवारी निघताना सगळ्यांना सांगितलं, 'आज पुलाच्या चौकात कुणीही घंटी द्यायची नाही.' शिंपी म्हणाला, 'का हो, सुतक आहे का?' मी म्हणालो, 'सांगतो तेवढं करा, पुढच्या पँटीचं माप तुमच्याकडेच देईन.'

चौक ओलांडला. मी थांबलो. मागे ब्रेक लागले, पाय टेकले. मग अशी शांतता झाली की मला माझ्याच हातातल्या घड्याळाची लाज वाटली. आणि मागून, सगळ्यांच्या मागून, एक टिंग आणि एक ठोका.

'कोणी दिली?' मी ओरडलो. वळलो नाही, नियम पाळला.

'काय दिली?' दातवाला म्हणाला.

'घंटी!'

'कसली घंटी? तुम्हीच नाही म्हणालात ना?' शिंपी म्हणाला, 'साहेबांना उपाशीपोटी आणत जाऊ नका वहिनी.' सगळे हसले. आता मला ते हसणं कसं लागतं ते कळलं, हे तुझ्यासाठी लिहून ठेवतो.

तुझी आई हसली नाही. घरी आल्यावर तिला विचारलं, 'तू सगळ्यांत शेवटी असतेस. तुझ्यामागे कुणी असतं का?'

ती ओले केस पुसत होती. म्हणाली, 'असतं की.'

'कोण?'

'मी वळून नाही बघत.'

'अगं, पण कोण असेल ते…'

'अहो, मागे कुणीतरी आहे म्हटल्यावर मला बरं वाटतं. पाठ उबदार राहते. तुम्ही विचारू नका. विचारलं की जातात.'

'जातात' म्हणाली. मी परत विचारलं नाही. पण खरं सांगू, त्यानंतर मलाही सवय लागली. पुलाच्या चौकात अकरा झाल्या की मी श्वास धरतो, आणि बारावी झाली की पाय मारतो. बारावी झाली की वाटतं, आज सगळी घरची मंडळी रस्त्यापलीकडे आली.

तू तरीही ये. आता दोन जागांसाठी ये, भिंतीजवळच्या आणि माळेच्या शेवटच्या.

बाबा


९ मार्च, रविवार

चि. ठिणगीस,

इथे सर्व ठीक. ऊन वाढलं आहे. माळ दोन दिवस निघालेली नाही, पण ते विशेष काही नाही, टायर वगैरे. महापालिकेचा माणूस विचारायला आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

आई या खेपेला पत्राखाली दोन ओळी लिहिणार होती, ती लिहिणार नाही. तिला वेळ नाही. म्हणजे वेळ आहे, पण पडून लिहिता येत नाही. पडून म्हणजे दुपारची पडते तशी.

तुला यायला जमेल का या आठवड्यात? काम काही नाही. सहज.

बाबा


१० मार्च, सोमवार

ठिणगे,

कालचं पत्र फाडून टाक. आयुष्यभर लोकांना अपघातातल्या गाड्या ओळखायला शिकवत आलो, आणि काल मीच नवा रंग मारून एक तुला पाठवली.

हे पत्र दातवाले स्वतः पहिल्या बसने घेऊन येत आहेत. ते समोर बसलेले असतील. त्यांना पाणी दे आणि वाच.

तुझी आई दवाखान्यात आहे. शुक्रवारी पडली. कमरेखालचं हाड मोडलं आहे, खुब्याचं. शुद्धीत आहे, बोलते, नर्सबाईंना चादरी कशा घालायच्या ते शिकवते. पण ऑपरेशन लवकर झालं नाही तर ती पुन्हा नीट चालणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी मला भिंतीकडे नेऊन सांगितलं. आणि ती टेबलावर जायला तयार नाही. म्हणते, 'आधी ती येऊ दे.' आणि तुला कळवायचंही नाही, मला शपथ घातली होती. 'दुखणं ऐकून नको यायला, मनाने येऊ दे.' मी आज शपथ मोडली. तिच्या पायापेक्षा शपथ मोठी नाही.

आता कसं झालं ते. हे मी दातवाल्यांनाही सांगितलेलं नाही.

शुक्रवारी पुलाचा चौक आम्ही ओलांडला. मी घंट्या मोजल्या. अकरा झाल्या. मी श्वास धरला. बारावी झाली नाही.

मला वाईट वाटलं. ऐकतेस ना? मला वाईट वाटलं की आज ती आली नाही. एवढंच वाटलं. 'विचारलं म्हणून गेली' असं मनात म्हणालो आणि पाय मारला. अकरा तर झाल्या होत्या. नियमात बसत होतं सगळं.

तळ्याकाठच्या फाटकाशी उतरलो. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, 'वहिनी कुठायत?'

आम्ही परत गेलो तेव्हा ती चौकाच्या अलीकडच्या बाजूला, फुटपाथच्या कडेला बसल्यासारखी पडली होती. चौक तिने ओलांडलाच नव्हता. रस्त्याची बंदी उठायची वेळ झाली होती आणि गाड्या सुटल्या होत्या. त्या तिला वळसा घालून जात होत्या. शिस्तीत, एकामागून एक. कुणी हॉर्नही दिला नाही, इतक्या सभ्यपणे जात होत्या. त्यांतली एक माझ्याच दुकानातून गेलेली, आवाजावरून कळली.

मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, 'तुम्ही गेलात?'



काल रात्रभराच्या गोळ्यांनंतर ती जरा मोकळी बोलली. मी विचारलं, पडलीस कशी? ती म्हणाली, 'रोज ती माझ्या मागे असते. शुक्रवारी मी चौकाच्या तोंडाशी होते, अजून चौकात उतरायची होते. माझ्या अंगावरून वारा गेल्यासारखा गेला, आणि घंटी झाली. पण पुढून झाली हो. पलीकडून. माझ्या आधीच ती पलीकडे गेली. मग माझ्यामागे कोण उरलं म्हणून मी वळून बघितलं.'

'कोण होतं?'

'कुणीच नाही. नुसता रस्ता. इतका रस्ता मी कधी बघितला नव्हता.'

वळली आणि पडली.

म्हणजे त्या सकाळी पलीकडे खऱ्या घंट्या दहाच झाल्या. अकरावी आईची नव्हती. आणि मी तीच आईची म्हणून मोजली.

आई म्हणते तुला एक विचारायचं: शुक्रवारी सकाळी, माळ चौकात असते त्या वेळी, तू कुठे होतीस? मी म्हटलं, असलं काय विचारतेस आजारपणात. म्हणाली, विचारा.

विचारलं.

बाबा


१३ मार्च, गुरुवार

ठिणगे,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू उद्या येतेस, दारात तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायला मला जमणार नाही, आणि तू आल्या आल्या आईकडेच धावणार.

दातवाले काल संध्याकाळी परत आले. म्हणाले, 'पोरगी तुमच्यावर गेलीय, पाणी देण्याआधी मलाच उलटतपासणी.' तुझी चिठ्ठी मी आधी उभ्याने वाचली, मग बसून, मग दवाखान्यात आईला वाचून दाखवली. तू लिहिलं आहेस:

'बाबा, त्या वेळी मी इथे कामाला निघाले होते. सायकलवरूनच जाते. रस्त्यात एक मोठा चौक लागतो. तो ओलांडला की मी अजून घंटी देते. पुढे कुणी नसतं, मागे कुणी नसतं, तरी हात जातो. शुक्रवारी मला उशीर होत होता म्हणून मी जोरात गेले.'

आईने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, 'जोरात गेली, बघितलंत? या मुलीला ब्रेक लावता येतच नाही.' आणि हसली गं. मोडलेल्या हाडासकट हसली. मग म्हणाली, 'द्या तो कागद, कुठे सही करायची?' ऑपरेशन उद्या दुपारी आहे. तू सकाळी पोचशील. ती तुला बघून आत जाईल.

महापालिकेच्या माणसाला सांगितलं, सोमवारपासून माळ निघेल. तो म्हणाला, 'पुढे तुम्हीच का?' मी त्याच्यापुढे चहा सरकवला, कारण तुझ्या चिठ्ठीत खाली अट होती: 'मी येते. पण तुम्ही कान तपासून घेतल्याशिवाय एकालाही चौक ओलांडून नेणार नाही.'

मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझे कान! दातवाल्यांना म्हटलं, चला, दाखवूनच देतो, म्हणजे कागद पोरीच्या हातात ठेवता येईल. त्यांच्या ओळखीचे कानाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आज सकाळी गेलो.

त्यांनी कानावर गोळे बसवले, आवाज काढले, मी बोट वर करत गेलो. जाडे आवाज सगळे आले. खिडकीखाली एक मोटार उभी होती, तिचा पट्टा सैल आहे हेही मी त्यांना सांगितलं. ते खूश झाले. मग दातवाल्यांकडे बघून म्हणाले, 'यांचा व्यवसाय काय?' ते म्हणाले, 'जन्मभर इंजिनं आणि हॉर्न.' डॉक्टर नुसते 'हं' म्हणाले. मला म्हणाले, 'डोळे मिटा आणि ऐकू आलं की बोट वर करा.'

मी डोळे मिटून बसलो. खोलीत अगदी शांत होतं. कुणी काही करतच नव्हतं. मी वाट बघत राहिलो, आणि शेवटी वैतागून म्हणालो, 'अहो, सुरू करा की!'

डोळे उघडून मागे वळलो. दातवाले माझ्या खुर्चीला टेकून उभे होते. खालून आणलेली स्वतःची सायकल त्यांनी माझ्या कानाशी धरली होती, आणि अंगठ्याने ते अजून घंटी वाजवत होते.